शांततेचा नमुना

आवाज आवडला होता, त्यात प्रश्नच नव्हता. ध्वनिपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाच्या तंत्रज्ञ बाईंनी तसं स्वच्छ लिहून कळवलं होतं: "सर, आवाज फार छान. आता तुमच्या खोलीची एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करून पाठवा. ती ऐकून बूथ लागेल की नाही ते सांगते. पुढच्या गुरुवारपर्यंत पक्कं करायचंय, नाहीतर पुस्तक दुसऱ्यांकडे द्यावं लागेल."

निवेदकांनी हा निरोप चार वेळा वाचला, आणि चौथ्यांदा मोठ्याने वाचला, कारण मनातल्या मनात वाचण्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. सोसायटीत त्यांना सगळे निवेदकच म्हणत. विमा कंपनीच्या तक्रार विभागात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती, आणि ती निव्वळ आवाजाच्या जोरावर. तणतणत आलेला माणूस त्यांच्याशी दहा मिनिटं बोलला की आभार मानून निघून जायचा. तक्रार तशीच खिशात असायची. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, घरातली मागची खोली रिकामी केली, माइक आणला आणि घरच्या घरी आवाज द्यायला सुरुवात केली.

कामं मिळाली. नाही असं नाही. 'दार बंद होत आहे, कृपया हात आत घ्या' हे शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये तेच म्हणत. 'आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहावे' हेही त्यांचंच. दोन वर्षांतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एका औषधाची सूचना: 'वापरण्याआधी बाटली हलवा, डोळ्यांपासून दूर ठेवा, आणि मुलांच्या हाती देऊ नका.' अकरा शब्द. त्याहून जास्त त्यांना सलग कोणी बोलू दिलं नव्हतं. घरात तर बाराव्या शब्दाला बायको कुकर बंद करायला उठायची.

आणि आता ही कादंबरी! तीन पिढ्या, दोन वाटण्या, अकराशे चाळीस पानं. एवढं सलग बोलायचं, आणि मध्ये कोणी "ते राहू द्या, आधी दळण आणा" म्हणणार नाही, या कल्पनेनेच निवेदकांना भरून यायचं. शिवाय जुन्या साहेबांचा निरोप येऊन पडला होता, की तक्रार विभागातली खुर्ची पुन्हा रिकामी झाली आहे, कंत्राटावर परत येता का, महिनाअखेर कळवा. पुस्तक मिळालं नाही तर ती खुर्ची. निवेदकांना रात्री डोळे मिटले की ती खुर्ची दिसे. तिचा एक हात सैल होता.

तर एक मिनिटाची शांतता. वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. निवेदकांनाही वाटलं. फक्त एकच शंका आली, की शांतता देताना आपण खोलीत असायचं की नाही? त्यांनी थोडा विचार केला आणि ठरवलं, की असायलाच हवं. कलावंताची खोली कलावंताशिवाय कशी पाठवायची? त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, माइकसमोर ताठ बसले, तोंड घट्ट मिटलं आणि एक मिनिट अतिशय मनापासून काही बोलले नाहीत.

उत्तर संध्याकाळी आलं. "सर, मागे बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. दर तीन-चार सेकंदांनी. काय आहे ते शोधून बंद करता का? नाही सापडलं तर बूथ करावा लागेल."

बूथ म्हणजे खोलीत उभी केलेली आणखी एक इवलीशी खोली. चारही बाजूंनी आतून गादीसारखी मऊ, एक माणूस आणि एक माइक मावेल एवढी. मागच्या खोलीत ती उभी करायला एकच जागा होती, आणि तिथे बायकोचं कपाट होतं.

"माझं कपाट कुठे जाणार?" बायकोने विचारलं.

"गॅलरीत."

"मग तुम्हीच जा की गॅलरीत."

म्हणून आधी शिट्टी शोधायची असं ठरलं. बुधवारी पंखा बंद केला. शिट्टी होतीच. गुरुवारी फ्रीज बंद केला, आणि तो पुन्हा सुरू करायचं निवेदक विसरले. त्यामुळे शुक्रवारी घरात जे बोललं गेलं ते रेकॉर्ड झालं नाही हे बरंच झालं. खिडकीच्या फटीत कापूस कोंबला, दाराखाली जुनी चादर सारली, भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली ठेवलं, आणि वेळ कळेना म्हणून दर दहा मिनिटांनी गादी उचलून पाहिलं. प्रत्येक वेळी निवेदक शर्ट घालून बसत, मिनिटभर गप्प राहत आणि मग कानाला हेडफोन लावून ऐकत. सूं... सूं... शिट्टी इमानदारीने हजर.

तोवर ही बातमी जिन्यावरून वर-खाली झाली होती आणि सल्ले सुरू झाले होते. सल्ला देणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला शिट्टी ऐकावी लागत नाही. समोरच्या निवृत्त ओव्हरसियरनी भिंतीला कान लावून सांगितलं, की पाण्याच्या पाइपमध्ये हवा धरली आहे, संपूर्ण इमारतीची लाइन बदलावी लागेल. वरच्या मजल्यावरच्या काकू चालण्याच्या मशीनवर रोज तासभर चालत आणि कुठेच पोहोचत नसत. त्या स्वतःहून खाली आल्या.

"माझ्या मशीनचा आवाज असेल तर सांग बाबा. पण नसणार. ते खडखड करतं. शिट्टी म्हणजे उंदीर."

"उंदीर शिट्टी वाजवत नाही, काकू."

"तू ऐकलंयस कधी नीट?" काकू म्हणाल्या. निवेदकांनी खरंच कधी नीट ऐकलं नव्हतं.

शेवटी हे प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. सेक्रेटरी मूळचे व्यवस्थित माणूस. ते म्हणाले, असं अंधारात चाचपडण्यात अर्थ नाही. रविवारी दुपारी चार वाजता संपूर्ण इमारत एक मिनिट गप्प ठेवू. पंप बंद, लिफ्ट बंद, टीव्ही बंद, काकू बंद. तरी शिट्टी आली तर ती तुमच्या घरातली. नाही आली तर आम्ही शोधू. निवेदकांना हा न्याय पटला. सेक्रेटरींनी लगेच सूचना लिहून फळ्यावर लावली. सेक्रेटरींच्या भाषेला एक वळण आहे. सूचना अशी होती: 'फ्लॅट क्रमांक सातमधील आपले सर्वांचे लाडके निवेदक यांच्यासाठी रविवारी दुपारी चार वाजता सर्वांनी एक मिनिट शांतता पाळावी. पंप बंद राहील.'

शनिवारी संध्याकाळपासून लोक येऊ लागले. पहिल्या मजल्यावरचं एक जोडपं पडलेल्या चेहऱ्याने दारात उभं राहिलं, आणि दार खुद्द निवेदकांनीच उघडल्यावर बाई किंचाळल्या. पलीकडच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तर जिन्यात निवेदकांचाच हात धरून, "फार गोड माणूस होता हो, लिफ्टमध्ये शिरलं की आठवण येणार," असं सांगितलं. निवेदकांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. इतकं चांगलं त्यांच्याबद्दल समोरासमोर कोणी बोललं नव्हतं, आणि थोडं अजून ऐकावंसं वाटलं.

रविवारची शांतता मात्र देखणी झाली. असं म्हणतात की ओव्हरसियर तर हातात पेपर धरून तसेच उभे राहिले, पान उलटलं नाही. पूर्ण एक मिनिट इमारतीत कोणी शिंकलंही नाही. निवेदकांनी हेडफोन लावले. सूं... सूं... आजूबाजूचं सगळं थांबल्यामुळे ती आता जास्तच स्पष्ट ऐकू येत होती.

सोमवारी सकाळी बायकोच्या मोबाइलवर जुन्या साहेबांचा फोन आला. तो निवेदकांनीच उचलला आणि ते "हॅलो" म्हणाले.

"अहो, तुम्ही आहात?" साहेब म्हणाले. "मी तुमच्या मिसेसना फोन केला होता. भेटायला कधी यावं ते विचारायला."

"मी ठणठणीत आहे, साहेब. ती सूचना वेगळ्या कारणासाठी होती."

"असं होय. इथे कोणीतरी त्या फळ्याचा फोटो आणला. आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. तुमच्या सोसायटीने एकच पाळलं, आम्ही दोन." साहेबांच्या आवाजात किंचित नाराजी होती. "पण एक अडचण झाली. खुर्चीवर आम्ही आज सकाळीच दुसऱ्याला घेतलं. तुम्ही आता काही येणार नाही असं धरून चाललो होतो. आता त्याला ऊठ कसं म्हणायचं?"

"नाही नाही, बसू द्या त्याला," निवेदक म्हणाले. फोन ठेवल्यावर ते पलंगाच्या कडेवर बसले. ती खुर्ची त्यांना नको होती, अगदी मनापासून नको होती, पण ती गेल्याबरोबर पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं झालं. आता पुस्तक मिळालं नाही तर काहीच नाही. लिफ्टचं दार आणि हात आत घ्या.

म्हणून बूथ. ठरलं. कपाट गॅलरीत. बायकोने या वेळी वाद घातला नाही. ती फक्त म्हणाली, "करा, लागत असेल तर." तिचं हे न भांडणं निवेदकांना भांडणापेक्षा जड गेलं.

घरात काही बांधायचं तर सोसायटीचा अर्ज भरावा लागे. 'अंतर्गत बदलांसाठीचा अर्ज' असं त्याचं नाव. त्यात तीन रकाने होते: भिंत पाडणे, भिंत उभारणे, खिडकी. चौथा 'इतर' असा होता, तो समितीने ठराव करून काढून टाकला होता, कारण लोक त्यात काहीही लिहीत.

"बूथला भिंती आहेत?" सेक्रेटरींनी पेन उघडून विचारलं.

"आहेत. पण लाकडी."

"छत?"

"आहे."

"दार?"

"आहे."

"मग ती खोली झाली. तुमच्या फ्लॅटला मंजूर खोल्या तीन. ही चौथी."

"अहो, पण ती हलवता येते. खाली चाकं लावणार आहे."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "चाकं? दार असलेलं, छत असलेलं, आत माणूस बसणारं आणि चाकं असलेलं. निवेदक, हे वाहन आहे. वाहन खाली पार्किंगमध्ये ठेवावं लागेल."

पाऊण तास चर्चा होऊन असं निघालं, की बूथला 'कपाट' म्हणायचं. कपाटाला परवानगी लागत नाही. निवेदकांच्या स्वप्नातल्या स्टुडिओची नोंद 'माणूस मावेल असे कपाट, एक नग' अशी झाली. त्यांनी सही केली. सव्वीस वर्षांत इतरांच्या सह्या घेताना त्यांना कधी वाटलं नव्हतं, की सही करणाऱ्याला आतून असं होतं.

बुधवारी सुतार आला. शांत, जाडजूड माणूस, कानावर पेन्सिल. त्याने टेप काढला.

"साहेब, कपाटात फळ्या किती?"

"फळ्या नकोत."

"मग हँगरचा दांडा?"

"दांडा नको. आत मी बसणार आहे."

सुताराने बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी सहानुभूती होती, की बायको चहा टाकायला आत निघून गेली. थोडं समजावल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं, आणि तो म्हणाला, "प्लाय कापला की परत जोडता येत नाही. आधी बघू या तरी, शिट्टी थांबते का. हे वहिनींचं कपाट आहेच. फळ्या काढतो, रजया लावतो, तुम्ही आत बसा. थांबली तर याच मापाचा बनवू."

इतक्या दिवसांत कोणी बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. कपाट रिकामं झालं. आतून चार रजया ठोकल्या. निवेदक माइक घेऊन, गुडघे हनुवटीला लावून आत बसले. इस्त्रीचा शर्ट त्यांनी याही वेळी घातला होता. बाहेर कॉम्प्युटरपाशी बटण दाबायला कोणीतरी हवं, म्हणून बायकोच्या कानाला हेडफोन चढवले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, दोन वर्षं हा उद्योग घरात चालू होता, पण तिने ते हेडफोन आज पहिल्यांदा लावले. तिला कोणी कधी 'ऐकतेस का?' असं विचारलंच नव्हतं. दार लागलं. आत अंधार, डांबरगोळ्यांचा वास आणि कादंबरीचं भवितव्य.

अर्धं मिनिट झालं असेल. बाहेरून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेलं, मग मोकळं.

"काय झालं?" निवेदक आतून ओरडले.

"हीच का शिट्टी? सूं करणारी?"

"हीच! येतेय अजून?"

"येणारच. तुम्ही आत आहात ना." बायकोला हसू आवरत नव्हतं. "अहो, ते तुमचं नाक आहे."

"माझं?"

"डावी नाकपुडी. तोंड मिटून गप्प बसलात की वाजते. बोलत असलात की नाही वाजत, म्हणून तुम्हाला कधी कळलं नसेल. तुम्ही गप्प असता कुठे?"

"कधीपासून?"

"लग्नापासून तरी. त्याआधीचं तुमच्या आईंना माहीत."

सुताराने अतिशय सभ्यपणे टेप गुंडाळला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. निवेदकांनी कपाटाचं दार आतून ढकललं आणि ते एकेक अवयव करत बाहेर आले. अपमान मोजायचं माप असतं तर आजचा भरपूर भरला असता. आयुष्यभर ज्या यंत्रावर मदार ठेवली त्याचाच एक भाग फितूर निघाला होता. त्याच्यापायी पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, एक संपूर्ण इमारत गप्प केली, स्वतःला मृत घोषित करून घेतलं.

"मग एकतीस वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही ती बंद करायच्या मागे लागला असता." बायकोने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. हसणं ओसरलं होतं. "आणि मला बरी वाटते. स्वयंपाकघरात असले तरी कळतं, तुम्ही आहात घरात. ऑफिसच्या दौऱ्यावर जायचात तेव्हा घर कसंसंच वाटायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं काहीतरी असतं."

निवेदकांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंड मिटलेलं असल्यामुळे खोलीत बारीकशी शिट्टी वाजली.

संध्याकाळी त्यांनी तंत्रज्ञ बाईंना फोन केला आणि घसा खाकरून सगळं खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, "सर, पण तुम्ही खोलीत का बसला होता? खोलीची शांतता घेताना आत कोणी नसतं. बटण दाबायचं आणि बाहेर जायचं."

"असं होय," निवेदक म्हणाले.

गुरुवारी सकाळी त्यांनी बटण दाबलं, पावलं न वाजवता बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. पॅसेजमध्ये बायको उभी होती. दोघं बंद दाराकडे पाहत मिनिटभर उभे राहिले, एखाद्या ऑपरेशनच्या बाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. तासाभरात निकाल आला: "खोली उत्तम! बूथची अजिबात गरज नाही."

आपण नसलो की खोली उत्तम असते, हे वाक्य निवेदकांनी दोनदा वाचलं. या वेळी मोठ्याने नाही. खाली आणखी एक ओळ होती: "पुस्तक तुमचंच. फक्त परिच्छेदांच्या मध्ये थांबता तेव्हा श्वास तोंडाने घ्या. सवय होईपर्यंत शेजारी कोणीतरी बसवा, नाक वाजलं की खूण करायला."

कोणीतरी म्हणजे कोण, हे उघड होतं. नाक ओळखणारं माणूस घरात एकच होतं. कपाट आपल्या जागीच राहिलं, फळ्या बसल्या, सुतार "पुन्हा कधी माणसाचं कपाट लागलं तर सांगा" म्हणून गेला, आणि सोमवारी दुपारी बायको निवडायच्या तांदळाचं ताट घेऊन मागच्या खोलीत येऊन बसली. तांदूळ निवडायचा आवाज माइकला लागतो, असं निवेदकांनी भीत भीत सांगितलं. तिने ताट बाहेर ठेवलं आणि हात रिकामे घेऊन बसली. तिचा चेहरा, बँकेत टोकन घेऊन बसलेल्या माणसाचा असतो तसा होता.

निवेदकांनी पहिलं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला दर परिच्छेदाला बायकोचं बोट वर जाई. निवेदक थांबत, तोंड उघडत, श्वास घेत, पुढे जात. दहाव्या पानावर आजोबांनी वाटणी केली. सोळाव्या पानावर धाकट्या सुनेच्या हाती ते पत्र लागलं, जे तिच्यासाठी नव्हतं. विसाव्या पानापासून बोट वर गेलं नाही. नाक वाजायचं थांबलं होतं की बायकोचं लक्ष नव्हतं, हे निवेदकांना कळेना. आणि विचारायला थांबणं शक्य नव्हतं. कुकरची वेळ होऊन गेली. ती उठली नाही.

अठ्ठाविसाव्या पानावर घसा बसू लागला, आणि पहिल्या दिवसाला इतकं पुरे म्हणून निवेदकांनी बटण दाबलं, पुस्तक मिटलं आणि पाण्याचा पेला उचलला.

बायको हलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडे रागाने पाहत होती.

"थांबलात का?" ती म्हणाली. "पत्राचं काय केलं तिनं? बोला ना पुढे."